सात नंबरचा हिरवा दिवा

३ मार्च, मंगळवार

मावशी,

गुरुवारच्या जीपने तुझा वायरलेस सेट परत येतोय. तोवर दिलेला तात्पुरता सेट ड्रायव्हरकडे दे. बाहेरून तुझा सेट तोच आहे, तू पाडून चेपवलेल्या कोपऱ्यासकट. पण आत एक पाहुणा बसवलाय, आणि तो मी बसवलाय. आईला सांगितलं तर म्हणाली, "बरं. जेवलीस का?" म्हणून तुला सांगते.

पाहुणा म्हणजे एक चिप. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी, सोळा पायांची. तिला मोडेम म्हणतात. तुझ्या टेहळणीच्या मनोऱ्यावर तापमान, वारा, दमटपणा मोजायचा जो डबा लावलाय, त्याचे आकडे ती घेते आणि त्यांचे सूर करते. एक असेल तर जाड सूर, शून्य असेल तर बारीक. सेकंदाला बाराशे. आपल्याला नुसतं चिर्र ऐकू येतं, तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडल्यासारखं. खाली वनखात्याच्या ऑफिसात तशीच दुसरी चिप आहे, ती सुरांचे परत आकडे करते. म्हणजे आता दर पंधरा मिनिटांनी तुला माइकवर "तापमान चौतीस, वारा बारा" असं ओरडायला नको.

मला वाटलं होतं चार तारा जोडल्या की झालं. तसं नसतं. आमच्या उस्तादांनी, म्हणजे ज्यांना तू वर्कशॉपवाला म्हातारा म्हणतेस, त्यांनी आधी ती माइकच्या तारेवर जोडली. पलीकडे काही पोचेना. कारण माइकची वाट माणसाच्या आवाजासाठी केलेली असते, आवाज मोठा झाला की ती तो वरून तासते. माणसाचा आवाज तासला तरी कळतो. सूर तासला की आकडा गेला. मी दोन दिवस सर्किटचा कागद बघत बसले आणि "माइकची वाट सोडून थेट आतल्या टोकाला जोडूया का" असं चिठ्ठीवर लिहून उस्तादांपुढे सरकवलं. ते म्हणाले, "तोंडाने सांगितलं तर सोल्डर जास्त लागतं का गं?" पण जोडलं, आणि जमलं. तरी सुरुवातीचे आकडे गळायचे. बटण दाबल्यावर सेटला दम धरायला एवढासा वेळ लागतो आणि ही बया आधीच सुरू. मग तिला जरा थांबायला लावलं.

शेवटी माणसाचा आवाज अजून नीट जातो का ते बघायचं होतं. उस्ताद आतल्या खोलीत दुसरा सेट घेऊन बसले, एक नंबरचं चॅनल लावलं आणि म्हणाले, "बोल काहीही." मी बटण दाबलं. काहीही म्हणजे काय बोलायचं? शाळेत बाई धडा वाच म्हणायच्या तेव्हा निदान धडा तरी समोर असायचा. मी तशीच उभी. आतून उस्ताद म्हणाले, "दाबून गप्प बसलीयस ना? इकडे खरखर बंद झाली म्हणून कळलं." मग त्यांनी समजावलं. हवेत कोणीच नसतं तेव्हा सेट खरखरतो. कोणी बटण दाबलं की तो शांत होतो आणि हिरवा दिवा लागतो, मग दाबणारा बोलो न बोलो. मला हे फार आवडलं. मी गप्प असले तरी पलीकडे कळतं की मी आहे.

चिपच्या बोर्डाचं ड्रॉइंग ज्यांनी केलं त्या इंजिनियरबाईंनी टिक करायचा कागद दिलाय. तो भर, पण मला वेगळं लिही. काय ऐकू येतं, कसं ऐकू येतं, सगळं. तुझा सेट पहिला. बाकी सव्वीस मनोऱ्यांसाठीचे सेट इथे फळीवर रांगेत आहेत. तुझा नीट चालला की तेही एक एप्रिलला वर जाणार.

सगळं ड्रॉइंगप्रमाणे बसवलंय. काळजी करू नको.

तुझी
गप्पू

१२ मार्च, गुरुवार

गप्पे,

जीपवाला खाली चहा पितोय तेवढ्यात लिहिते, म्हणून अक्षराला नावं ठेवू नको.

सेट झकास. पहिल्यांदा चिर्र झालं तेव्हा मला वाटलं खोलीत सरडा शिरला, झाडू घेऊन फिरले. ऑफिसवाला म्हणतो, आकडे बरोबर येतात, तुम्ही आराम करा. आठ वर्षं दिवसभर आकडे वाचले, आता घशाला कामच नाही. खिडक्या पुसते. चार भिंतींना चार खिडक्या, आणि चारींतून तोच डोंगर दिसतो असं वाटायला लागलंय.

एक नंबर, ऑफिसचा, पूर्वीसारखाच. तीन आणि पाचही ठीक. सातबद्दल सांगायचंय, पण ती चिपची गोष्ट नाही, माणसाची आहे.

सात नंबर गस्तीचा. घळीपलीकडच्या डोंगरावर एक गस्तवाला फिरतो, मी त्याला लांबटांग्या म्हणते. त्याच्या हातातला सेट छोटा, तो फक्त माझ्यापर्यंत पोचतो. त्याला धूर दिसला की त्याने मला सांगायचं आणि मी एकवरून ऑफिसला. काही नसलं तरी रोज चारला हाक मारून "सगळं ठीक" म्हणायचं, असा नियम. चार तारखेला तो नेलेली दुर्बीण परत द्यायला वर आला. बघते तर भिंगावर चरा. मी बोलले. "एक काच सांभाळता येत नाही, डोंगर काय सांभाळणार." जरा जास्त झालं असेल. दुसऱ्या दिवशी तुझा सेट आला, आणि त्याच दिवसापासून याचा अबोला. चारची हाक नाही की काही नाही.

बरं, नुसता अबोला असता तर म्हटलं असतं, असो. हा मुद्दाम चिडवतो. सात लावला की हिरवा दिवा आहेच. आवाज शून्य. पूर्वी सेट जिवंत आहे का बघायला मी आवाज वाढवून खरखर ऐकायचे, तीही नाही, पाटी पुसल्यासारखं शांत. तूच लिहिलंस ना, दाबून गप्प बसलं की खरखर जाते? तेच. सकाळी बघावं तर दिवा, दुपारी बघावं तर दिवा. पन्नाशीला आला, पण खोडी शाळेतल्या.

मी काही आधी हाक मारणार नाही. मला काय, शांतता बरी.

तू जेवतेस का? आणि चिठ्ठ्या कसल्या सरकवतेस? तोंडाला कुलूप लावून जन्माला आलीस असं तुझी आई म्हणते, पण तान्ही असताना तू चाळ डोक्यावर घ्यायचीस, मी साक्षीला आहे.

मावशी

१४ मार्च, शनिवार

मावशी,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. काही विचारू का? सहज विचारतेय.

दिवा फक्त सातवरच लागतो का? आणि नक्की पाच तारखेपासूनच? रात्री जाग आली तर तेव्हाही बघ. कारण हातातल्या सेटचं बटण दाबून ठेवलं तर त्याची बॅटरी बसते. मी आज रबर बांधून बघितलं, दोन तास दहा मिनिटांत बसली. ते काका किती बॅटऱ्या घेऊन फिरतात?

जमलं तर एक कर. सेटचं मागचं झाकण उघड. डाव्या हाताला नवा हिरवा बोर्ड दिसेल, त्याला तीन तारांची पांढरी टोपी आहे. ती उपसून काढ आणि सात ऐक. काही बिघडत नाही, फक्त तेवढा वेळ आकडे जायचे थांबतील. मग परत लाव आणि काय झालं ते लिही.

किंवा मग त्यांना एकदा हाक मारून बघशील?

उस्तादांना मी काही सांगितलेलं नाही. म्हणजे सांगण्यासारखं काही नाहीच.

गप्पू

१९ मार्च, गुरुवार

गप्पे,

झाकणावर सील आहे. तुझ्याच म्हाताऱ्याने लावलंय, वर सही. सील तुटलं तर उत्तर मला द्यावं लागेल, तुला नाही. मी हात लावणार नाही.

दिवा फक्त सातवर, रात्रीही. आणि बॅटरीचं म्हणशील तर त्याच्या झोपडीवर सोलरचं पॅनल आहे. सेट चार्जिंगला लावून बटणावर दगड ठेवत असेल. माणूस खोडीला पेटला की डोकं कुठून कुठे चालतं, तुला अजून अनुभव नाही.

हाक मी मारणार नाही. ते एकदा लिहिलंय.

परवा दुपारी खालच्या घळीतून बारीक धूर वर आला. मी ऑफिसला कळवेपर्यंत विरून गेला. शेकोटी असेल कोणाची.

आणि ऐक. काल चारला दुर्बीण लावली तर हा समोरच्या कड्यावर उभा. सेट तोंडाशी धरून बोलत होता. बराच वेळ. मग सेट कानाला लावायचा, परत तोंडाशी न्यायचा. मग माझ्या मनोऱ्याकडे बघत नुसता उभा राहिला. मी दुर्बीण खाली केली नाही, तोही हलला नाही. बोलत कोणाशी होता कोण जाणे. दुसऱ्या कुठल्या गस्तवाल्याजवळ माझ्या चहाड्या करत असेल. म्हणजे बघ, जगाशी बोलायला जीभ आहे.

जीपवाला हॉर्न वाजवतोय. तुझं पत्र यावेळी फार कोरडं होतं. बरी आहेस ना?

मावशी

२३ मार्च, सोमवार

मावशी,

शनिवारी एक नंबरवर जो कापरा आवाज ऐकलास तो माझाच. तू "ऐकलं" म्हणालीस आणि पुढे काहीच नाही. परत विचारायची माझी हिंमत नाही, आणि ऑफिसवाला म्हणाला एक नंबर घरगुती गप्पांसाठी नाही. म्हणून पत्र.

आधी कबुली. "सगळं ड्रॉइंगप्रमाणे" हे खोटं होतं. चिपच्या शेजारी एक क्रिस्टल असतं, ते तिचं घड्याळ. त्याच्यावर पत्र्याची डबी उपडी घालून चारी कोपरे सोल्डर करायचे होते, म्हणजे त्याची कुजबुज बाहेर येत नाही. तुझ्या सेटवर मी दोनच कोपरे केले. पत्रा तापेना, चिप जळेल अशी भीती वाटली, आणि विचारायचं तर बोलावं लागलं असतं. तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच मला शंका आली की दाबून गप्प बसलेलं कोणी असेल तर ते तुझ्या सेटच्या आतच बसलंय. तरी तुला नुसते प्रश्न विचारले. वाटलं तू टोपी काढशील, मग मी सेट मागवून गुपचूप दोन कोपरे करीन. एक आठवडा गेला तो माझ्यामुळे.

शुक्रवारी तुझं दुसरं पत्र आलं. गस्तवाले काका कड्यावर उभे राहून बोलत होते ते वाचलं. ते तुझ्याशीच बोलत होते, मावशी.

शनिवारी सकाळी उस्तादांना सांगितलं. तोंडाने. वाटलं हाकलून देतील. ते म्हणाले, "फळीवरचा एक सेट घे, त्याचे चारी कोपरे कर, मग रडायचं का ते ठरवू." केले. मग ते हातातला सेट घेऊन तीन गल्ल्या पलीकडे पाण्याच्या टाकीमागे गेले, कारण जवळून ओरडलं तर बहिऱ्यालाही ऐकू येतं. आम्ही आधी आतल्या खोलीतून तपासलं होतं आणि तेही एकवरच. आता एकवर त्यांचा आवाज आला. सातवर हिरवा दिवा आणि शांत. डबी चारी बाजूंनी बंद, तरीही. म्हणजे माझ्या दोन कोपऱ्यांचं पाप नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं, पण मग फळीवरचे सगळे सेट बहिरे निघणार.

मी डबी परत काढली आणि चिमट्याचं टोक क्रिस्टलच्या पायाला लावलं, नुसतं बघायला. खरखर आली. काढलं, गेली. परत लावलं, आली. आणि खरखरीतून उस्ताद यायला लागले. ते टाकीमागे बसून आपले बोलतच होते. चिमटा लावला की "गुडघ्याचं काय सांगू तुला" ऐकू यायचं, काढला की नाही. मी पंधरा वेळा तरी केलं. इकडे एवढी चूक झालीय आणि मला मजा वाटतेय, याची लाजही वाटत होती.

ते परत आल्यावर म्हणाले, "घड्याळ किती ठोक्यांचं आहे बघ." क्रिस्टलवर लिहिलंय, ४.०३२. म्हणजे सेकंदाला चाळीस लाख बत्तीस हजार ठोके. तुझा सात नंबर त्याच मापात १६१.२८ वर. उस्ताद म्हणाले, ठोका एकटा जात नाही, त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट, सगळ्या पटी बारीक आवाजात बरोबर जातात. मी कॅलेंडरच्या मागे गुणाकार करत गेले. चाळिसावी पट १६१.२८. बरोब्बर सातच्या डोक्यावर येऊन बसलीय. जवळचा आवाज तिला बाजूला ढकलतो, लांबचा बारीक आवाज तिच्याखाली दबतो. शाळेत पाढे म्हणायला उभं केलं की माझी दातखीळ बसायची, म्हणून सगळ्यांना वाटायचं येत नाहीत. येतात.

चिमट्याने ते घड्याळ केसभर हळू होतं. इथला एक केस चाळिसाव्या पटीत चाळीस केस होतो, म्हणून ती सातवरून बाजूला सरकते. चिमट्याऐवजी एक इवलासा कपॅसिटर लावला की काम झालं. आकडे तरीही बरोबर जातात, मी शंभर वेळा पाठवून बघितले.

मग उस्तादांनी एक नंबर लावून माइक माझ्यापुढे ठेवला. मी म्हटलं तुम्ही बोला. ते म्हणाले, "टोपी कुठंय ते तुला ठाऊक. मी सांगितलं तर ती भलतीच तार उपसेल. आणि सीलचं म्हणाली तर सांग, लावणारा मीच आहे आणि मीच म्हणतो तोड." मी दाबलं. बराच वेळ नुसतंच. सगळे मनोरे ऐकत असणार, सगळ्यांची खरखर गेली असणार. मग बोलले. काय बोलले ते आठवत नाही.

आज इंजिनियरबाई आल्या होत्या. चांगल्या आहेत. "चाळिसावी पट कोण बघत बसतं," असं म्हणाल्या, पण मग चिमटा घेऊन त्यांनीही सहा वेळा करून बघितलं. तरी त्यांचं म्हणणं असं की, टेबलावर होतंय म्हणजे डोंगरावर होतंय, हे त्यांच्या वरचे लोक मानणार नाहीत. सव्वीस सेट उघडायला परवानगी लागते आणि परवानगीला पुरावा लागतो. शुक्रवारपर्यंत दिला तर ठीक, नाहीतर सेट आहेत तसे एक तारखेला वर जाणार. सव्वीस मनोरे, आणि प्रत्येकासमोर एकेक गस्तवाला.

म्हणून सांग मावशी. टोपी काढल्यावर सातवर काय ऐकू आलं?

गप्पू

२६ मार्च, गुरुवार

गप्पे,

काय बोललीस ते सांगते. "मावशी, मी. मागचं झाकण, पांढरी टोपी. सील तोड म्हणालेत. ते गप्प नाहीयेत, तू बहिरी आहेस." एवढंच. पुढच्या मनोऱ्यावरचा मला तेव्हापासून बहिरीबाई म्हणतो.

टोपी काढली. दिवा विझला आणि खरखर आली. मी खुर्ची ओढून समोर बसले. चारला हाक आली. "मनोरा, मनोरा, गस्त बोलतेय. धूर नाही, सगळं ठीक. ऐकत असाल तर ऐका, नसाल तर माझं काम मी केलं." पाठ केल्यासारखं. सतरा दिवस तो हे रोज बोलत होता.

मी बटण दाबलं आणि माझी गप्पू झाली. तिकडून तोच म्हणाला, "कोणीतरी दाबलंय. बाई, तुम्हीच का?"

मी म्हटलं, "हो."

"राग गेला?"

"राग कसला. मला ऐकूच येत नव्हतं."

"सतरा दिवस?"

"उद्या वर ये, दाखवते."

रविवारी आला. डावा हात मनगटापर्यंत फडक्यात गुंडाळलेला. सतराला मी बघितला तो धूर शेकोटीचा नव्हता, विझत आलेल्या आगीचा होता. घळीत वाळका पाला पेटला होता. त्याने मला सहा वेळा हाक मारली. उत्तर नाही म्हटल्यावर एकटा खाली उतरला आणि ओल्या फांद्यांनी झोडपून आग विझवली. वारा पडलेला होता म्हणून जमलं. हात भाजला, बूट वितळले. मी वर खिडक्या पुसत होते.

पण मला लागलं ते दुसरंच. त्याला वाटत होतं मी ऐकतेय. आग सांगतोय तरी काचेच्या रागापायी ही बाई गप्प बसलीय, असं त्याने धरलं होतं. आणि मी त्याला काय धरलं होतं ते तुला लिहिलंच आहे, दगडासकट.

त्याच्या खिशात ऑफिसला लिहिलेली तक्रार होती. एकोणीसच्या जीपला तो हात बांधत बसला म्हणून ती राहिली, नाहीतर माझी नोकरी गेलीच होती. चार पानं. रोजची तारीख, वेळ, काय बोलला, आणि शेवटी "बाईंनी उत्तर दिलं नाही." मी तुझं सगळं सांगितलं. टोपी लावून दाखवली, काढून दाखवली. तो खाली घळीत जाऊन बोलून आला, परत वर आला, स्वतः लावली, स्वतः काढली. तोही तुझ्यासारखाच, दहा वेळा केल्याशिवाय पटत नाही. मग पेन मागितलं आणि चारही पानांवर "बाईंनी" खोडून "सेटने" लिहीत गेला.

ती पानं सोबत पाठवतेय. खाली आम्हा दोघांच्या सह्या आहेत. उद्या तुझ्या हातात पडतील, तशीच उठून इंजिनियरबाईंना नेऊन दे. डोंगरावरचा पुरावा त्यांना हवाय ना, वेळेसकट घ्या म्हणावं. चिठ्ठी सरकवू नको, बोल. आणि त्या दोन कोपऱ्यांचंही सांगून टाक, लपवलेलं नंतर जड होतं.

एका ठिकाणी "बाईंनी" तसंच ठेवलंय, त्याबद्दल विचारलं तर सांग की चुकून राहिलेलं नाही. अठरा तारीख, चार वाजता. "कड्यावरून हाक मारली. बाईंनी दुर्बिणीतून बघितलं. उत्तर दिलं नाही." तिथेही तो खोडायला निघाला होता, मी पेन काढून घेतलं. सेट बहिरा होता हे खरं. पण हात तर मला वर करता आला असता.

मावशी